खिळ्यावरची लाल चकती

शिट्टी शोधत होते. दरवर्षी एप्रिलच्या शेवटी मी मुलांच्या शिबिरासाठी शिट्टी शोधते, ती सापडत नाही आणि नवी आणली जाते. घरात कुठेतरी अशा पाच-सहा शिट्ट्या दडून बसलेल्या असणार. यवतमाळात त्या दिवसांत दुपारी लोखंडी कपाटाची मूठसुद्धा चटका देते. ओढणीनं धरून कपाट उघडलं, खालच्या खणात नाताळच्या चांदण्या, झालरी आणि गीतांच्या जुन्या वह्या यांच्याखाली हात घातला, तर बोटांना काहीतरी गोल आणि गुळगुळीत लागलं. बाहेर काढण्याआधीच ओळखलं. पुरीएवढी लाकडी चकती. एका बाजूला लाल रंग, दुसऱ्या बाजूला पांढरा, वरच्या अंगाला एक भोक आणि दोन्ही बाजूंना तापल्या सळईनं कोरलेलं माझं नाव. इतक्या वर्षांनी वास कसला येतोय, असं म्हणतच मी ती नाकाशी नेली. आला. डांबरगोळ्यांच्या वासाखालून, अगदी बारीक, पण आला.

तो एका तळ्याचा वास होता. ओल्या लाकडाचा, शेवाळाचा, उन्हात तापलेल्या पाइनच्या पानांचा आणि मुलांच्या अंगाला फासलेल्या डासांच्या औषधाचा. बावीस वर्षांची असताना मी एक अख्खा उन्हाळा त्या वासात काढला. कॅनडात, उत्तरेकडच्या जंगलात, एका तळ्याकाठी ख्रिस्ती मुलामुलींची शिबिरं भरत. दर रविवारी नवी मुलं बसमधून उतरायची आणि शनिवारी त्याच बसनं परत जायची. मी तिथे अडीच महिन्यांसाठी शिकाऊ मिशनरी होते. तसं माझ्या बिल्ल्यावरच लिहिलं होतं, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

आमच्या चर्चच्या मंडळीत या बातमीनं केवढी खळबळ उडाली होती. पणजोबांच्या वेळी गोरे मिशनरी छकड्यातून धूळ खात आमच्या गावांत आले, त्यांनी शाळा काढली, दवाखाना काढला, गीतं शिकवली. आणि आता आमच्यातलीच एक पोट्टी मिशनरी होऊन त्यांच्याकडे निघाली, याची म्हाताऱ्यांना फार गंमत वाटत होती आणि अभिमानही. पाळकसाहेबांनी मला वेदीपुढे उभं करून डोक्यावर हात ठेवला, सगळ्यांनी हात लांबवून प्रार्थना केली. नंतर बाहेर कडुनिंबाखाली चहा पिताना एका काकांनी विचारलं, “पण तू तिकडं जाऊन सांगशीन काय? त्याइले तं सारं मालूमच आहे.” पप्पांनी माझ्या वतीनं सांगितलं, “सांगन नाई तं आयकन. आयकनारं बी लागते ना कोनी.”

पप्पा एसटीत कंडक्टर होते. यवतमाळ-पांढरकवडा ही त्यांची नेहमीची गाडी, नवरात्रात केळापूरच्या देवीसाठी सुटणाऱ्या जादा गाड्यांवरही ड्युटी लागायची. तिकिटं फाडणं हे त्यांच्या दृष्टीनं दुय्यम काम, खरं काम डोकी मोजणं. चहापाण्याला गाडी थांबली की निघताना ते दारापाशी उभे राहत, ओठ हलवत अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत आणि आकडा जुळला तरच दोनदा घंटी देत. एकदा मी त्या गाडीत होते. ड्रायव्हरकाका घाई करत होते आणि पप्पा शांतपणे म्हणाले, “एक डोकं कमी आहे. थांब.” सगळी गाडी कुरकुरली. पाच मिनिटांनी हॉटेलाच्या मागून एक म्हातारी पदर सावरत आली. आपल्यासाठी कोणी थांबलं असेल हे तिच्या गावीही नव्हतं. पप्पांनी तिला हात देऊन वर घेतलं आणि दोनदा घंटी दिली. घरी ते दारातल्या चपला मोजत, चर्चमध्ये डोळे मिटायच्या आधी बाकांवरची माणसं मोजत. आई चिडायची, पण त्यांची सवय गेली नाही.

आईचा कारभार वेगळा. ती रविवारची शाळा घ्यायची. तिच्याकडे फलालीन लावलेला फळा होता आणि त्यावर चिकटवायची मेंढरं, ती मामाच्या शेतातल्या कापसाची. हरवलेल्या मेंढराची, म्हणजे नव्व्याण्णव मेंढरं सोडून एकाला शोधत निघालेल्या मेंढपाळाची गोष्ट सांगताना एक मेंढरू ती आधीच पदरात लपवून ठेवी आणि आम्ही मुलं ते वर्गभर शोधत सुटायचो. मोठी झाल्यावर तो फळा माझ्याकडे आला. मी ती गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की झोपेतून उठवलं असतं तरी सांगितली असती. कॅनडाला जाताना फलालीनचा तुकडा आणि बारा मेंढरं मी कपड्यांच्या घडीत ठेवून नेली.

तिथे कोणाला माझ्या मेंढरांची गरज नव्हती. मोठा पडदा होता, गिटार होत्या, उड्या मारत गाणी म्हणणारी पोरं होती. मला काम मिळालं भांड्यांचं. सकाळी आणि दुपारी दीडशे ताटं, वाफेनं भरलेली मोरी, लिंबाच्या साबणाचा वास आणि हातांना पडलेल्या सुरकुत्या. शिवाय एका लाकडी खोलीत आठ मुली माझ्या जबाबदारीवर. त्या गोड होत्या, पण आपापसात. मी प्रार्थना सांगितली की डोळे मिटायच्या, आमेन म्हटलं की उघडायच्या, आणि पुढच्या क्षणी मी तिथे नसल्यासारख्या बोलू लागायच्या. त्यांतली टेसा नावाची बारा वर्षांची मुलगी महिनाभर राहायला आली होती. सगळ्यांशी बोलायची, माझ्याशी मात्र नाही. मी काही विचारलं की बुटाच्या नाड्यांकडे बघायची. तळ्यावरचा एक काळा-पांढरा पक्षी हसावं का रडावं न कळल्यासारखा ओरडायचा, आणि तेवढाच एक माझ्या मनातलं बोलतोय असं मला वाटे.

दर रविवारी ऑफिसातल्या इंटरनेटवर पाळकसाहेबांचा निरोप आलेला असे. “साक्ष पाठवा. मंडळी वाट पाहत आहे.” देवानं तुझ्या आयुष्यात काय केलं ते सांगणं म्हणजे साक्ष. मी काय पाठवणार? आज दीडशे ताटं घासली, परमेश्वराची स्तुती असो? मी झाडांचे फोटो पाठवत राहिले. पाचव्या आठवड्यात धीर सुटला. आपण इथे नसलो तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, हे एकदा मनात शिरलं आणि मग निघेना. सोमवारी मी हेदरकडे गेले. साठीची उंच बाई, पाठीवर पांढरी वेणी, गळ्यात शिट्टी. तळं आणि आम्ही शिकाऊ मंडळी, दोन्ही तिच्या ताब्यात. “मला घरी जायचंय,” मी म्हणाले, “माझा इथे काही उपयोग नाही.” मला वाटलं ती समजूत घालेल. ती म्हणाली, “शनिवारी बस आहे. तोवर विचार कर.” मी त्याच दुपारी बॅग भरायला घेतली.

आता चकतीचं सांगायला हवं. तळ्याच्या काठावर एक फळा होता आणि त्यावर खिळ्यांच्या रांगा. शिबिरातल्या प्रत्येकाची एक चकती, प्रत्येक चकतीला तिचा खिळा. पाण्यात उतरताना चकती लाल बाजूला फिरवायची, बाहेर आलं की पांढऱ्या. हेदर अधूनमधून शिट्टी मारून फळा बघायची. सगळे बाहेर आले आणि एकही चकती लाल राहिली, तर तीन लांब भोंगे. मग हातातलं काम टाकून सगळ्यांनी तळ्यावर धावायचं. हे आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं. माझी चकती पाच आठवडे पांढरीच होती, कारण मी पाण्यात पायच घातला नव्हता. आमच्याकडे कोणती मुलगी पोहायला शिकते? मी काठावर टॉवेल सांभाळत बसायची.

गुरुवारी ऊन कडक पडलं होतं. तिथल्या लोकांच्या मानानं कडक, आमच्या फेब्रुवारीसारखं. शनिवारी निघायचंच आहे तर एकदा त्या पाण्यात जाऊन यावं असं वाटलं. मी सलवार-कुर्त्यानिशी उतरले, चकती आठवणीनं लाल केली. पाणी इतकं गार की दातावर दात आपटले, आणि मग एकाएकी बरं वाटलं. छातीपर्यंत पाण्यात उभी राहून मी हसत होते. पण बाहेर निघायला लागले आणि लक्षात आलं, कुर्ता अंगाला असा चिकटलाय की विचारू नका. फळ्याशेजारी लाकडी धक्क्यावर शिबिरातली चार तरुण मुलं पाय सोडून बसली होती. ती भली होती, त्यांनी बघितलंही नसतं. पण मी यवतमाळची. त्यांच्यासमोरून ओल्या अंगानं जाऊन फळ्यापाशी उभं राहणं मला मरणापेक्षा कठीण वाटलं. मी काठाकाठानं, लव्हाळ्याच्या आडून, खडकांच्या पलीकडे बाहेर पडले आणि झाडीतून कपडे धुवायच्या खोलीत पळाले. कोरडे कपडे घातले आणि कपडे वाळवायच्या गरम यंत्राला पाठ टेकून टॉवेलच्या घड्या घालत बसले.

तीन भोंगे झाले.

कोणाचं लेकरू, हा एकच विचार डोक्यात आला. अनवाणी धावत सुटले. उतारावरून तळं दिसलं. स्वयंपाकी ॲप्रन घालूनच, गिटारवाला मुलगा, ऑफिसातल्या बाई, मोठी मुलं, सगळे हातात हात गुंफून छातीइतक्या पाण्यात उभे होते. एक लांब रांग. ती रांग एकेक पाऊल पुढे सरकत होती, पायांनी तळ चाचपत होती. कोणी बोलत नव्हतं. रांगेच्या पुढे खोल पाण्यात हेदर बुडी मारत होती, वर येत होती, पुन्हा बुडी मारत होती. मी माझ्या मुली शोधल्या. त्या काठावर एकमेकींना धरून उभ्या होत्या. अंगठा आपोआप पेरांवर गेला. पाच, सहा, सात. आठवी टेसा, ती गुडघाभर पाण्यात. आठही आहेत, देवा, आठही आहेत. मग हरवलंय कोण? तेवढ्यात टेसानं तळ्याकडे तोंड करून हाक मारली. महिनाभर जिनं माझ्याशी बोलायचं टाळलं, तिनं फाटक्या आवाजात माझं नाव घेतलं.

ती गोष्ट मी शंभरदा सांगितली होती, मेंढराच्या बाजूनं कधी ऐकली नव्हती. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले, “मी इथं आहे!” आणि ओरडले मराठीत. कोणाला शब्द कळला नाही, पण सगळी रांग एकदम वळली. टेसा पाण्यातून धावत आली, तिनं आधी माझ्या दंडावर गुद्दा मारला, मग मिठी मारली. माझे कोरडे कपडे पुन्हा ओले झाले. हेदर बाहेर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. फळ्याकडे बोट करून म्हणाली, “आधी चकती फिरव.” मी ती पांढरी केली. मग हेदर वाळूत बसली आणि मी तिच्याजवळ बसून रडले. ते रडणं लाजेचं होतं, आणि कसं सांगू, सुखाचंही होतं.

संध्याकाळी तिनं कारण विचारलं. मी खाली मान घालून कपड्यांचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्याशेजारच्या दोन पाइनच्या झाडांना दोरी बांधलेली होती, त्यावर निळ्या चादरी, आत टॉवेल आणि एक बाक. फळाही फिरवून असा लावला होता की चादरीआडून त्याला हात पोचावा. कोणासाठी, ते हेदरनं सांगितलं नाही. पण त्या दिवशी मी आत गेले तर आधीच पाच-सहा मुली तिथे दाटीवाटीनं अंग पुसत होत्या. टेसा त्यांत होती. तिनं सरकून मला जागा दिली आणि म्हणाली, “मला पण ते धक्क्यावरचे आवडत नाहीत.” त्या दुपारी मी बॅगेतली मेंढरं काढली. कापूस झाडाला लागतो हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

शनिवारची बस आली. हेदर माझ्याकडे बघून म्हणाली, “जाणार असशील तर बस, नाहीतर मुलं तरी मोजून दे.” मी दारापाशी उभी राहिले, अंगठ्यानं पेरं मोजली, आकडा जुळला तेव्हा बसच्या पत्र्यावर हातानं दोनदा थाप मारली. ड्रायव्हरला त्याचा अर्थ कळायचं कारण नव्हतं, तरी त्यानं बस सोडली. मी धूळ खाली बसेपर्यंत तिथे उभी होते आणि मग ताटं घासायला गेले. त्या रविवारी मी साक्ष पाठवली. पाळकसाहेबांचं उत्तर आलं, “छान साक्ष. पण तुम्ही तिथे शिकवलं काय, ते कळवावे.” पप्पांनी फोनवर ते सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, “एक डोकं कमी होतं तं त्याइनं गाडी थांबवली. चांगले लोक हायेत.” उन्हाळा संपवून मी निघाले तेव्हा हेदरनं ती चकती खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली.

पप्पा आता नाहीत. आईच्या हाताला कंप आहे, मेंढरं मीच करते. आणि दरवर्षी मे महिन्यात आमच्या मंडळीच्या मुलांचं तीन दिवसांचं शिबिर असतं, ढाणकीच्या पुढे पैनगंगेच्या काठी. त्या दिवसांत नदी वाळूतून आळसावून वाहते, आम्ही जिथे उतरतो तिथे जेमतेम कमरेइतकं पाणी. मुलं धडाधड उड्या टाकतात. मुली मात्र वर्षानुवर्षं काठावर बसून टॉवेल सांभाळायच्या. मी हे बघत होते आणि इतकी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही, याची आता लाज वाटते. यंदा चकती हातात आली म्हणून डोळे उघडले.

सुताराकडून प्लायवूडच्या तेवीस चकत्या कापून आणल्या. रंग मुलांनीच दिला, हात आणि गाल लाल करून घेतले. नदीकाठच्या दोन बाभळींना दोरी बांधून स्वयंपाकाच्या मावश्यांच्या जुन्या साड्यांचा आडोसा केला आणि फळा आतून हात पोचेल असा लावला. माझी चकती चोविसावी. नियम सांगितले. तीन लांब शिट्ट्या म्हणजे कोणीतरी राहिलंय, सगळ्यांनी हात धरून उभं राहायचं. दोन छोट्या म्हणजे सगळे आले, चला जेवायला. दोनचा नियम पप्पांचा, हे त्यांना सांगितलं नाही.

मुली उतरल्या. आधी पंजे, मग घोटे, मग किंचाळत कमरेपर्यंत. एकटी सलोमी उतरली नाही. अकरा वर्षांची, अबोल, फ्रॉक गुडघ्यांत घट्ट आवळून दगडावर बसलेली. “काहून नाई उतरत व?” मी विचारलं. “मले नाई जमत,” एवढंच म्हणाली. मी आग्रह केला नाही. शिट्टी तिच्या गळ्यात घातली आणि म्हटलं, फळ्याकडे लक्ष ठेव. तीन दिवस तिनं डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवलं. कोणी चकती फिरवायची विसरला की त्याला फळ्यापाशी परत पाठवायची.

शेवटच्या दिवशी दुपारी मी मुलींबरोबर पाण्यात होते. बाहेर आले, कपडे बदलले, तोच खिचडीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, खरकटा पडलेला दिसला म्हणून तो घेऊन वळणापलीकडे सावलीत घासायला गेले. वाळूनं गंज घासताना मला पंधरा मिनिटं तरी लागली असतील. आणि शिट्ट्या ऐकू आल्या. एक, दोन, तीन. लांब.

गंज तिथेच टाकून धावले. वळणावरून दिसलं, मुलं आणि मुली हातात हात धरून पाण्यात एका रांगेत उभी होती, आणि मावश्या काठावरून ओरडत होत्या. मी धावता धावता मोजत होते. वीस, एकवीस, बावीस. रांगेच्या टोकाला तेविसावी सलोमी. तीन दिवस दगडावरून न उतरलेली पोट्टी कंबरभर पाण्यात उभी होती, तिचा फ्रॉक फुगून वर आला होता आणि ती पायांनी वाळू चाचपत होती. तेवीस. सगळे आहेत. मग कोण?

कळलं तेव्हा मी मटकन वाळूत बसले. सलोमीनं मला पाहिलं आणि रांग सोडून पाणी उडवत आली.

“ताई, कोठी गेलत्या तुमी? तुमची चकती लाल हाये.”

“गंज घासाले गेलती माय.”

“सांगून जात जा ना मंग,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. तिच्या फ्रॉकमधून पाणी गळत होतं, सगळी मुलं बघत होती, आणि तिला त्याचं भानच नव्हतं.

मी उठून आडोशात गेले आणि चकती पांढऱ्या बाजूला फिरवली. सलोमी मागोमाग आली, तिनं ती जवळ जाऊन नीट बघितली, बोटानं सगळ्या चकत्या पुन्हा एकदा मोजल्या. मग गळ्यातली ओली शिट्टी झटकून तिनं ती दोनदा वाजवली.